विल्यम विदरिंग : वीस वनस्पतींच्या काढ्यातलं एक पान



घरात कुणाला सर्दी-खोकला झाला की काढा होतो. तुळस, आलं, मिरे, गवती चहा, कधी ज्येष्ठमध, कधी अडुळसा. जे हाताशी असेल ते भांड्यात पडतं, पाणी अर्धं होईपर्यंत उकळतं आणि गाळून प्यायलं जातं. दोन दिवसांनी बरं वाटलं की आपण म्हणतो, काढ्याने गुण आला. पण गुण नक्की कशाने आला? तुळशीने, आल्याने, गरम पाण्याने, की दोन दिवस विश्रांती मिळाली म्हणून? हा प्रश्न साधा आहे, पण त्याचं उत्तर शोधायला बसलं की एक आयुष्य जातं.

असं आयुष्य घालवलेल्या एका डॉक्टरांची आज ओळख करून घेऊ. त्यांचं नाव विल्यम विदरिंग. वीसपेक्षा जास्त वनस्पतींच्या एका गावठी काढ्यातून त्यांनी कामाची एकच वनस्पती ओळखली. मग ती किती घ्यायची, कोणता भाग घ्यायचा, कधी थांबायचं हे शोधण्यात दहा वर्षं घालवली. त्या वनस्पतीपासून निघालेलं औषध आजही हृदयाच्या रुग्णांना दिलं जातं.

बालपण आणि शिक्षण

विदरिंग यांचा जन्म 17 मार्च 1741 रोजी इंग्लंडमधल्या श्रॉपशर परगण्यात वेलिंग्टन या गावी झाला. वडील एडमंड हे गावातले औषधं बनवणारे आणि शस्त्रक्रिया करणारे वैद्य होते. त्या काळात असे लोक स्वतःच झाडपाला गोळा करायचे, कुटायचे, उकळायचे आणि रुग्णाला द्यायचे. खल-बत्त्याचा आवाज आणि वाळलेल्या पानांचा वास यांतच विल्यम मोठे झाले.

1762 साली ते वैद्यकशास्त्र शिकायला स्कॉटलंडमधल्या एडिंबरा विद्यापीठात गेले. तिथे शरीररचना, रसायनशास्त्र यांच्यासोबत वनस्पतिशास्त्रही शिकावं लागे. आणि गंमत बघा, हा विषय त्यांना अजिबात आवडला नाही! उत्तम काम करणाऱ्या विद्यार्थ्याला प्राध्यापकांनी सुवर्णपदक ठेवलं होतं, पण त्या पदकाचाही त्यांना मोह पडला नाही. 1766 साली पदवी घेऊन ते बाहेर पडले आणि पुढच्या वर्षी स्टॅफर्ड या छोट्या शहरात त्यांनी व्यवसाय सुरू केला.

स्टॅफर्डमध्ये रुग्ण कमी आणि वेळ भरपूर अशी परिस्थिती होती. तिथे हेलेना कुक्स नावाची एक तरुणी त्यांच्याकडे उपचारासाठी आली. तिला फुलांची, वनस्पतींची चित्रं काढायचा छंद होता. आजारपणामुळे तिला बाहेर फिरता येत नसे. मग डॉक्टरच रानावनातून तिच्यासाठी वनस्पती शोधून आणू लागले. कोणतं फूल कुठे उमलतं, दोन सारख्या दिसणाऱ्या पानांत फरक काय, हे बघता बघता नावडता विषय आवडता झाला. 1772 साली दोघांचं लग्न झालं.

हा छंद पुढे इतका वाढला की 1776 मध्ये विदरिंग यांनी ब्रिटनमधल्या रानटी वनस्पतींवर मोठा ग्रंथ प्रसिद्ध केला. वनस्पतींचं वर्गीकरण करण्याची स्वीडनच्या लिनियस यांची पद्धत त्यांनी इंग्रजी वाचकाला समजेल अशा रीतीने वापरली. रानात नेता येईल असा एक छोटा सूक्ष्मदर्शकही त्यांनी तयार केला. म्हणजे पान नुसतं बघून न थांबता बारकाईने तपासायचं, ही सवय त्यांना आधीच लागली होती. तीच सवय पुढे उपयोगी पडली.

म्हातारीचा काढा

1775 साली विदरिंग बर्मिंगहॅम शहरात आले. तिथले लोकप्रिय डॉक्टर विल्यम स्मॉल यांचं निधन झालं होतं आणि त्यांच्या जागी चांगला डॉक्टर हवा होता. इरॅस्मस डार्विन या नामांकित डॉक्टरांनी विदरिंग यांना तिकडे यायला सुचवलं. हे इरॅस्मस डार्विन म्हणजे उत्क्रांतीचा सिद्धांत मांडणाऱ्या चार्ल्स डार्विन यांचे आजोबा. त्यांचं नाव लक्षात ठेवा, ते पुढे परत येणार आहे.

त्याच वर्षी विदरिंग यांच्याकडे एक चमत्कारिक प्रश्न आला. श्रॉपशरमध्ये एक म्हातारी बाई एका घरगुती औषधाने ड्रॉप्सी बरी करते, त्या औषधाबद्दल तुमचं मत काय, असं त्यांना विचारण्यात आलं.

ड्रॉप्सी म्हणजे काय, ते आधी समजून घेऊ. शरीरात पाणी साठून सूज येणे, याला तेव्हा ड्रॉप्सी म्हणत. आधी पाय सुजतात, बोटाने दाबलं तर खड्डा पडतो. मग पोटात पाणी होतं. छातीत पाणी झालं की आडवं झोपता येत नाही, श्वास कोंडतो, रुग्ण रात्र रात्र बसून काढतो. आज आपल्याला माहीत आहे की ड्रॉप्सी हा स्वतंत्र रोग नाही. हृदय कमजोर झालं, मूत्रपिंड बिघडलं किंवा यकृत खराब झालं, तर अशी सूज येते. पण तेव्हा सगळ्यांना एकच नाव होतं. उपाय म्हणजे लघवी वाढवणारी औषधं, नाहीतर पोटाला छिद्र पाडून पाणी काढणं. पाणी पुन्हा भरायचं, आणि बहुतेक रुग्ण शेवटी दगावायचे.

अशा रोगावर त्या बाईचा काढा कधी कधी लागू पडायचा. मोठमोठ्या डॉक्टरांनी हात टेकलेले रुग्णही तिच्याकडे बरे होत. काढ्याची कृती तिने वर्षानुवर्षं गुपित ठेवली होती. त्यात वीस किंवा त्याहून जास्त वनस्पती होत्या. तो प्यायल्यावर जोराच्या उलट्या आणि जुलाब होत, म्हणून लोकांना वाटे की रोग त्याच वाटेने बाहेर पडतो.

विदरिंग यांनी वनस्पतींची यादी पाहिली. ब्रिटनमधल्या बहुतेक रानटी वनस्पती ते गुणधर्मांसह ओळखत होते. यादीतल्या एकेका वनस्पतीचा विचार करताना त्यांच्या लक्षात आलं की इतका जोरदार परिणाम करणारी यात एकच आहे. तिचं नाव फॉक्सग्लव्ह.

फॉक्सग्लव्ह ही युरोपातली जंगलाच्या कडेला, बांधावर उगवणारी वनस्पती. पहिल्या वर्षी जमिनीलगत लवदार पानांचा नुसता झुपका येतो. दुसऱ्या वर्षी मधून उंच दांडा निघतो आणि त्यावर जांभळट गुलाबी, घंटेसारखी फुलं ओळीने लटकतात. फूल बोटात बरोबर बसतं, शिवणकामाच्या अंगुस्तानासारखं. म्हणून 1542 साली जर्मन वनस्पतिशास्त्रज्ञ लिओनहार्ट फुक्स यांनी बोटाच्या लॅटिन शब्दावरून तिचं नाव ठेवलं डिजिटॅलिस.

त्या बाईचं नाव मात्र विदरिंग यांनी लिहून ठेवलेलं नाही. विसाव्या शतकात औषधाच्या एका जाहिरातीत तिचं चित्र रंगवलं गेलं आणि तिला मदर हटन असं नाव दिलं गेलं. ते नाव कित्येक पुस्तकांत खरं म्हणून छापलं गेलं. प्रत्यक्षात ते जाहिरातवाल्यांच्या कल्पनेतलं आहे. ज्या बाईच्या ज्ञानातून हे सगळं सुरू झालं, ती इतिहासात निनावीच राहिली.

वनस्पती सापडली, पण प्रमाण?

आता इथे गोष्ट संपायला हवी होती, नाही का? कामाची वनस्पती सापडली, रुग्णाला द्या आणि मोकळे व्हा. पण खरी अडचण इथूनच सुरू झाली.

डॉ. स्मॉल रोज एक तास गरिबांना मोफत तपासत असत. विदरिंग यांनी शहरात रुग्णालय उघडेपर्यंत ती प्रथा चालू ठेवली. वर्षाला दोन ते तीन हजार गरीब रुग्ण त्यांच्याकडे येत. त्यांतल्या ड्रॉप्सीच्या रुग्णांना ते फॉक्सग्लव्ह देऊ लागले. औषध जबरदस्त निघालं. लघवी भरपूर होऊ लागली, सूज ओसरू लागली. पण सुरुवातीला त्यांनी मात्रा फारच जास्त दिली आणि गरजेपेक्षा जास्त दिवस दिली. त्याचं कारणही समजण्यासारखं होतं. स्क्विल नावाच्या एका कंदाचं औषध तेव्हा प्रचारात होतं, आणि मळमळ होईपर्यंत दिलं की ते चांगलं लागू पडे. विदरिंग यांना वाटलं, फॉक्सग्लव्हचंही तसंच असणार. तो अंदाज चुकीचा होता.

इथे थोडं थांबून विचार करा. ज्यांच्यावर हे औषध प्रथम वापरलं गेलं ते गरीब, मोफत उपचारासाठी रांगेत उभे राहणारे लोक होते. एका-दोन तासांत इतके रुग्ण तपासायचे, तर प्रत्येकाची नोंद ठेवणं शक्य नव्हतं. गुण आलेल्या दोन-तीन रुग्णांच्याच नोंदी त्या काळातल्या राहिल्या. बाकीच्यांचं काय झालं, हे आज कुणालाच सांगता येणार नाही. आज नवीन औषध माणसाला देण्याआधी परवानगी, संमती आणि काटेकोर नोंदी लागतात. ते नियम का आले, हे अशा गोष्टींतून समजतं.

ही उणीव विदरिंग यांनी पुढे स्वतःच आपल्या पुस्तकात लिहिली. आणि हळूहळू त्यांनी आपली कामाची पद्धत बदलली. त्यांनी काय काय तपासलं, ते क्रमाने पाहू.

1. कोणता भाग? पानाऐवजी मूळही वापरता आलं असतं. पण मुळाच्या ताकदीचा भरवसा नाही असं त्यांना वाटलं. म्हणून त्यांनी पानच वापरणं चालू ठेवलं.

2. पान कधी तोडायचं? पानाची ताकदही झाडाच्या वाढीप्रमाणे कमी-जास्त होते. म्हणून फुलांचा दांडा वर आलेला असताना, फुलं उमलायच्या सुमारास पानं तोडायची असं ठरवलं. दरवेळी त्याच वेळी तोडली, तर ताकद साधारण सारखी राहील, हा त्यामागचा विचार.

3. तयारी कशी करायची? आधी ते पानं उकळून काढा करत. पण जास्त उकळल्याने औषधाची ताकद कमी होते असं त्यांना वाटलं. मग उकळतं पाणी पानांवर ओतून चार तास झाकून ठेवायचं आणि गाळायचं, म्हणजे चहासारखं करायचं, अशी पद्धत घेतली. शेवटी वाळलेल्या पानांची पूड त्यांना सगळ्यात भरवशाची वाटली. देठ आणि मधली जाड शीर काढून टाकायची, पान उन्हात किंवा शेकोटीसमोर वाळवायचं आणि बारीक कुटायचं. पाच भाग ताज्या पानांची एक भाग पूड होते, हेही त्यांनी मोजून ठेवलं.

4. किती द्यायची? मोठ्या माणसाला एक ते तीन ग्रेन, दिवसातून दोनदा. एक ग्रेन म्हणजे साधारण 65 मिलिग्रॅम. चिमूटभरसुद्धा नाही.

5. कधी थांबायचं? हा सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न. त्यांचं उत्तर असं : लघवी वाढली, मळमळ सुरू झाली, नाडी मंदावली किंवा जुलाब लागले, यांतलं काहीही पहिल्यांदा दिसलं की लगेच औषध बंद.

मित्रांनो, या पाच प्रश्नांकडे नीट बघा. आजही प्रयोगशाळेत एखादा वनस्पती-चहा किंवा अर्क तपासायला आला, तर सुरुवात याच प्रश्नांनी होते. वनस्पती कोणती, भाग कोणता, तोडली कधी, अर्क कसा काढला, आणि त्यात कामाचा घटक किती?

फेरीवाल्याच्या बायकोचा चहा

विदरिंग यांनी आपल्या पुस्तकात एक प्रसंग नोंदवला आहे. यॉर्कशरमध्ये लोक फॉक्सग्लव्हचा चहा पिऊन स्वतःच ड्रॉप्सीवर उपाय करतात, असं त्यांना एका बाईंनी सांगितलं होतं. ते ऐकून त्यांना दोनेक वर्षांपूर्वीचा एक रुग्ण आठवला. तो यॉर्कशरचा फिरता व्यापारी होता. विदरिंग त्याला बघायला गेले तेव्हा त्याच्या उलट्या थांबत नव्हत्या, डोळ्यांना नीट दिसत नव्हतं, आणि नाडी मिनिटाला फक्त 40 होती. निरोगी माणसाची नाडी साधारण 70 ते 80 असते, हे तुम्हाला माहीत आहे.

चौकशी केल्यावर कळलं की त्याला दम्यासारखा त्रास होता. बायकोने मूठभर ओली फॉक्सग्लव्हची पानं थोड्याशा पाण्यात शिजवली आणि ते पाणी त्याला दिलं. त्याने ते एका दमात पिऊन टाकलं. बायकोचा हेतू चांगला होता. तिच्या भागात हे औषध आहे, हे तिला ठाऊक होतं. ते किती द्यायचं, एवढंच ठाऊक नव्हतं. तो माणूस मरता मरता वाचला.

त्या काढेवाल्या म्हातारीकडेही वनस्पतीचं ज्ञान होतं. या बायकोकडेही होतं. ते ज्ञान खोटं नव्हतं, अपुरं होतं. विदरिंग यांनी त्यात मोजमाप घातलं. त्यांचं मोठेपण इथे आहे.

अपयशही लिहिणारा डॉक्टर

1779 मध्ये विदरिंग यांचे निष्कर्ष त्यांच्या एका डॉक्टर मित्राने एडिंबराच्या वैद्यकीय मंडळापुढे मांडले. 1783 मध्ये तिथल्या अधिकृत औषधसंग्रहात फॉक्सग्लव्हचा समावेश झाला. डॉक्टर ते सर्रास वापरू लागले, आणि विदरिंग यांना काळजी वाटू लागली. जास्त मात्रेने रुग्ण मेले तर काय? किंवा तसं झाल्यामुळे इतकं उपयोगी औषध विष म्हणून फेकून दिलं गेलं तर?

दरम्यान आणखी एक गोष्ट घडली होती. इरॅस्मस डार्विन यांचा एडिंबरात वैद्यक शिकणारा मुलगा 1778 साली वारला. त्याचंही नाव चार्ल्सच, पण हा उत्क्रांतीवाल्या चार्ल्स यांचा काका. मुलाचा प्रबंध डार्विन यांनी 1780 साली प्रसिद्ध केला आणि त्याला फॉक्सग्लव्हने बऱ्या केलेल्या रुग्णांची पुरवणी जोडली. त्यांतली एक रुग्ण तर दोघांनी मिळून तपासली होती. पण पुरवणीत विदरिंग यांचं नाव कुठेच नव्हतं. एकेकाळच्या मित्रांमध्ये कायमची तेढ पडली.

अखेर 1785 साली विदरिंग यांचं फॉक्सग्लव्हवरचं पुस्तक आलं. त्यात त्यांनी दहा वर्षांतल्या दीडशेहून अधिक रुग्णांच्या हकिकती दिल्या. कुणाला किती औषध दिलं, काय झालं, कोण बरं झालं, कोण सुधारून पुन्हा आजारी पडलं, कुणाला काहीच फायदा झाला नाही आणि कोण दगावलं, हे सगळं त्यात आहे. गुण आलेले रुग्ण निवडून छापणं सोपं होतं. त्या काळातले बरेच लोक तसंच करत. तशाने औषधाची वाहवा होते, आपलं नाव होतं. पण पुढच्या डॉक्टरला खरं कळत नाही. म्हणून त्यांनी अपयशही छापलं.

विषबाधेची लक्षणंही त्यांनी नीट लिहून ठेवली : उलट्या, चक्कर, वस्तू हिरव्या-पिवळ्या दिसणं, नाडी मिनिटाला 35 पर्यंत उतरणं, आणि शेवटी मृत्यू. आजच्या वैद्यकीय पुस्तकांतही हीच लक्षणं सापडतात. या औषधाचा हृदयाच्या गतीवर विलक्षण परिणाम होतो, हेही त्यांनी हेरलं. मात्र ड्रॉप्सीचं मूळ बऱ्याचदा हृदयात असतं आणि औषध तिथेच काम करतं, हे पुरतं उलगडायला पुढचं शतक उजाडलं.

डॉक्टरांचं उरलेलं आयुष्य

विदरिंग फक्त डॉक्टर नव्हते. बर्मिंगहॅममध्ये लूनर सोसायटी नावाचं एक मंडळ होतं. पौर्णिमेच्या आसपास सभा भरायची, म्हणजे रात्री चांदण्यात घरी जाता यावं! वाफेच्या इंजिनात सुधारणा करणारे जेम्स वॅट, ऑक्सिजनवर संशोधन करणारे जोसेफ प्रीस्टली, इरॅस्मस डार्विन हे सगळे त्या मंडळात होते. विदरिंगही होते. खनिजांचाही त्यांचा अभ्यास होता. शिशाच्या खाणीतल्या एका जड खनिजाचं त्यांनी रासायनिक पृथक्करण केलं. ते बेरियमचं कार्बोनेट होतं. पुढे त्याला त्यांच्या नावावरून विदराइट म्हणू लागले.

पण तब्येत त्यांना साथ देत नव्हती. दुसऱ्यांच्या छातीतलं पाणी उतरवणाऱ्या या डॉक्टरांना स्वतःला फुप्फुसांचा क्षय होता. इंग्लंडची थंडी सोसेना, म्हणून दोन हिवाळे ते पोर्तुगालमध्ये जाऊन राहिले. तिथेही हात रिकामे ठेवले नाहीत, गरम पाण्याच्या एका प्रसिद्ध झऱ्याचं पाणी तपासून त्यातले घटक नोंदवले. 6 ऑक्टोबर 1799 रोजी बर्मिंगहॅममध्ये त्यांचं निधन झालं. वय होतं 58. एजबॅस्टनच्या जुन्या चर्चमधल्या त्यांच्या स्मृतिशिल्पावर फॉक्सग्लव्हचं फूल कोरलेलं आहे.

पानाच्या आत काय आहे?

विदरिंग यांनी वनस्पती ओळखली, भाग ओळखला, मात्रा ठरवली. पण पानातला नेमका कोणता पदार्थ काम करतो, हे शोधण्याइतकं रसायनशास्त्र तेव्हा पुढे गेलेलं नव्हतं. ते काम पुढच्या पिढ्यांनी केलं.

1869 च्या सुमारास फ्रान्समध्ये क्लोद नातिव्हेल यांनी पानांपासून प्रभावी स्फटिक वेगळे केले. 1875 मध्ये जर्मनीत ओस्वाल्ड श्मिडेबर्ग यांनी डिजिटॉक्सिन हा शुद्ध पदार्थ मिळवला. 1930 मध्ये सिडनी स्मिथ यांनी फॉक्सग्लव्हच्याच जातभाईपासून, म्हणजे डिजिटॅलिस लॅनाटा या वनस्पतीपासून, डिगॉक्सिन वेगळं केलं. आज डॉक्टर गोळीत देतात ते हेच.

हे पदार्थ ग्लायकोसाइड या गटातले आहेत. म्हणजे एका मोठ्या रेणूला साखरेचे रेणू जोडलेले असतात. ते काम कसं करतात? हृदयाच्या पेशींच्या आवरणात सोडियम बाहेर आणि पोटॅशियम आत ढकलणारा एक पंप असतो. डिगॉक्सिन या पंपाला अडवतं. मग पेशीत सोडियम वाढतं, त्यामागोमाग कॅल्शियम साठतं, आणि हृदयाचा स्नायू जास्त जोराने आकुंचन पावतो. शिवाय हृदयाचे ठोके मंदावतात. कमजोर हृदय पुन्हा नीट रक्त ढकलू लागलं की मूत्रपिंडांना रक्त मिळतं, लघवी वाढते आणि सूज उतरते. पण पंप जास्त अडला तर ठोक्यांची लय बिघडते आणि जीव जातो. रक्तातली योग्य पातळी असते एका मिलिलिटरमागे एक नॅनोग्रॅमच्या आसपास. एक नॅनोग्रॅम म्हणजे एका ग्रॅमचा अब्जावा भाग! याच्या दोन-तीन पट झालं की धोका सुरू होतो.

इतकं सूक्ष्म प्रमाण मोजायचं कसं? त्यासाठी क्रोमॅटोग्राफी नावाची पद्धत आहे. तुम्ही वर्गात शाईचा ठिपका गाळणकागदावर ठेवून कागदाचं टोक पाण्यात बुडवलं आहे ना? पाणी वर चढतं आणि शाईतले रंग वेगवेगळ्या उंचीवर जाऊन थांबतात. प्रत्येक पदार्थाची कागदाला चिकटण्याची आणि पाण्यासोबत पळण्याची ताकद वेगळी, म्हणून ते वेगळे होतात. वनस्पतीच्या अर्काचंही असंच करतात. कागदाऐवजी बारीक पुडीने भरलेली नळी असते, त्यातून अर्क दाबाने ढकलतात आणि एकेक घटक वेगवेगळ्या वेळी बाहेर पडतो. मग यंत्र त्याच्या रेणूचं वस्तुमान मोजून तो कोणता ते सांगतं. विदरिंग यांनी वीस वनस्पतींची यादी डोक्यातल्या ज्ञानाने चाळली. आता एका पानातले कितीतरी घटक यंत्र चाळतं.

आज याची गरज आहे का?

गरज आहे, आणि ती अगदी अलीकडेही दिसली. 1997 साली अमेरिकेत एक तरुणी रुग्णालयात आली. मळमळ, उलट्या, हृदयाचे ठोके अनियमित. तिने कोणतंही हृदयाचं औषध घेतलं नव्हतं, घेतली होती फक्त वनस्पतींपासून बनवलेली शरीरशुद्धीची उत्पादनं. तपासणीत कळलं की त्यांत प्लँटेन नावाच्या निरुपद्रवी पानांच्या जागी डिजिटॅलिस लॅनाटाची पानं मिसळली गेली होती. पूड झाल्यावर दोन्ही डोळ्यांना सारखीच दिसतात. फरक प्रयोगशाळेने सांगितला. कॉम्फ्री नावाच्या वनस्पतीची पानं समजून फॉक्सग्लव्हची पानं तोडून चहा केल्यामुळे विषबाधा झाल्याच्याही नोंदी वैद्यकीय साहित्यात आहेत.

तुम्ही म्हणाल, फॉक्सग्लव्ह काही आपल्या गावात उगवत नाही. बरोबर. पण आपल्या अंगणात कण्हेर असते. कुंपणाला पिवळ्या फुलांची बिट्टी असते. या दोन्ही झाडांत हृदयावर काम करणारी ग्लायकोसाइडं आहेत, डिगॉक्सिनच्याच कुळातली. बिट्टीच्या बिया तर अतिशय विषारी. म्हणून ही पानं, फुलं, बिया कधीही तोंडात घालायच्या नाहीत, आणि कुणी सांगितलं म्हणून त्यांचा काढाही करायचा नाही. लहान भावंडांनाही सांगा.

याचा अर्थ घरचा तुळस-आल्याचा काढा टाकून द्यायचा, असा नाही. अर्थ इतकाच की वनस्पती म्हणजे निरुपद्रवी, असं आपोआप ठरत नाही. वनस्पतीत रसायनं असतात, आणि रसायन कोणतं व किती यावर ते औषध ठरतं की विष. अनोळखी झाडपाला घेऊ नये. एखादा काढा किंवा चूर्ण नेहमी घेत असाल, तर डॉक्टरांकडे गेल्यावर ते लपवू नये. दोन औषधं पोटात एकत्र आली की काय होईल, हे त्यांना सांगितल्याशिवाय कसं कळणार?

विदरिंग यांच्यापुढे त्या म्हातारीचा काढा आला तेव्हा ते दोन सोप्या गोष्टी करू शकले असते. अडाणी बाईचं औषध म्हणून हसून सोडून देणं, किंवा गुण येतो ना, मग जसाच्या तसा देत राहणं. त्यांनी त्या ज्ञानाचा मान राखला आणि ते तपासूनही पाहिलं. विज्ञान शिकायचं म्हणजे हेच शिकायचं.

विचार करा आणि लिहा

1. म्हातारीच्या काढ्यातली कामाची वनस्पती विदरिंग यांना का ओळखता आली? त्यांच्या कोणत्या छंदाचा उपयोग झाला?

2. मुळाऐवजी पान, आणि काढा सोडून पूड, अशी निवड त्यांनी का केली?

3. अपयशी ठरलेल्या रुग्णांच्या नोंदी छापल्याने कुणाचा फायदा झाला?

4. उपक्रम : तुमच्या घरी होणाऱ्या काढ्यातल्या वनस्पतींची यादी करा. प्रत्येकीचा कोणता भाग वापरतात, किती घेतात आणि किती वेळ उकळतात, ते घरातल्या मोठ्यांना विचारून वहीत लिहा. दोन घरांच्या याद्या शेजारी शेजारी ठेवून बघा, फरक कुठे पडतो?